आल्प्समधली ती आजी येळ्ळूरची

परशा,

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. गल्लीत सगळे म्हणतात, मारुती फार खचला. मी खचलो नाही, चिडलोय. अर्धा तुझ्यावर आणि अर्धा माझ्यावर. आता तू नाहीस, त्यामुळे तुझ्या वाटणीचा रागही मलाच सांभाळावा लागतो.

पाचव्या दिवशी वाचनालयात तुझी शोकसभा झाली. तिघे बोलले. एकानं तुला पाककलेतला तपस्वी केलं. तू असतास तर तिथंच चप्पल शोधायला लागला असतास. दुसऱ्यानं तुझ्या बेकरीतल्या बटरांवर पाच मिनिटं काढली, ते तरी खरं होतं. तिसरा म्हणाला, "परशुराम आप्पांनी मुंबईतली मोठ्या हॉटेलातली नोकरी केवळ गावाच्या ओढीनं सोडली." लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत मी बसलो होतो. उठून "हे खोटं आहे" एवढं म्हणायचं होतं. मी उठलोही. पाणी मागितलं, प्यालो आणि परत बसलो.

म्हणून हे लिहितोय. वाचनालयाच्या अंकात छापायला देणार आहे. शोकसभेला जेवढे होते तेवढ्यांनी तरी वाचावं.

तरुण पोरांना माहीत नसेल म्हणून आधी सांगतो. तू आणि मी एकाच गल्लीतले, वर्षाच्या अंतरानं मुंबईला गेलो. फोर्टात एकाच रस्त्याच्या दोन टोकांना दोन हॉटेलं होती, दोन्ही साहेबी जेवणाची, दोन्ही नावाजलेली. त्यांची खरी नावं आपल्या गावात कुणालाच म्हणता आली नाहीत. तुझ्या हॉटेलात पियानो होता, माझ्या हॉटेलात भिंतीवर पितळी घड्याळ. येळ्ळूरसाठी ती पियानोवालं आणि घड्याळवालं झाली. तू मालकीणबाईंच्या, म्हणजे मॅडमच्या, स्वयंपाकघरात, पेस्ट्रीच्या टेबलावर. मी बाहेर, पांढऱ्या हातमोज्यांत, वाढायला.

आणि मग आपला वाद. चाळीस वर्षं! सीमेचा प्रश्न सुटेल पण ह्या दोघांचा न्हाय सुटायचा, असं लोक म्हणायचे आणि तुला त्याचा अभिमान वाटायचा. तुझ्या मते माझ्या हॉटेलात सगळा दिखाऊपणा: रुमालाचे हंस करायचे, सूपवर तीन थेंब मलई टाकायची आणि सूप कोमट. माझ्या मते तुझ्या हॉटेलात गिऱ्हाइकाला बसवून ठेवायचे आणि पियानो ऐकून पोट भर म्हणायचे. तुमचा पाव चांगला, हे मी पहिल्या वर्षीच कबूल केलं. आमचं कांद्याचं सूप चांगलं, हे तू शेवटपर्यंत कबूल केलं नाहीस. "कांदा जाळल्याव कुनाचंबी चांगलंच लागतंय," म्हणायचास. तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीला डोकं आपटणं. आणि मी ते रोज हौसेनं आपटायचो.

खरी लढाई मात्र एकाच पदार्थावर होती, स्ट्रुडल. गावात तू त्याला सफरचंदाचा मांडा म्हणायचास, आणि ते बरोबरच होतं. मॅडम तो व्हिएन्नात शिकून आल्या होत्या. मैद्याची सैल कणीक कापडावर पसरून इतकी ताणायची की खाली वर्तमानपत्र धरलं तर वाचता यावं. मॅडमचे जुने आचारी ताणायला लागले की भोकं पडायची. तू पहिल्याच दिवशी हाताच्या पाठीवर घेतलीस आणि टेबलभर पसरलीस. मॅडमनं विचारलं, कुठं शिकलास? तू म्हणालास, घरी.

घरी म्हणजे तुझ्या आईच्या चुलीपाशी. शहापुरातल्या लग्नघरांत मांडे करायला तिला बोलावणं यायचं. काकूचे ते हात माझ्या अजून डोळ्यांपुढं आहेत. कणकेचा गोळा दोन्ही हातांवर घ्यायची, या हातावरून त्या हातावर टाकत कोपरापर्यंत ताणायची, उलट्या घातलेल्या मडक्यावर हलकेच सोडायची आणि गरम असतानाच घडी घालायची. जरा उशीर झाला की मांडा कडक होऊन मोडलाच.

तुमच्या हॉटेलच्या स्ट्रुडलची आणखी एक गंमत होती. मुंबईची दमट हवा. सफरचंदाला पाणी सुटायचं आणि आमचा स्ट्रुडल दुपारपर्यंत ओल्या फडक्यासारखा व्हायचा. तुमचा संध्याकाळपर्यंत कुरकुरीत. आमचा शेफ डोकं धरून बसायचा. एका सुट्टीच्या दिवशी समुद्राच्या कट्ट्यावर शेंगा खात बसलो असताना मी तुला सहज विचारलं आणि तू सहज सांगितलंस.

"खसखस. भाजायची, जाडसर वाटायची आनि सफरचंदाखाली पसरायची. समदं पानी पिती ती. आई मांड्यात घालती तीच."

"एवढंच?"

"एवढंच. पर आईचं हाय ते, मारत्या. कुनाला बोलू नगंस."

"बोलतोय व्हय मी?"

चार दिवसांनी बोललो.

परशा, मला कुणी धमकावलं नव्हतं. शेफ आणि मालक स्वयंपाकघरात उभे होते, कॅप्टनची, म्हणजे वाढप्यांच्या प्रमुखाची, जागा रिकामी होती, आणि शेफ कुरकुर करत होता की समोरच्यांना हे जमतं कसं. हातात तबक घेऊन मी दाराशी उभा होतो. मी म्हटलं, "मला माहीत आहे." ते तीन शब्द बोलताना मला इतकं बरं वाटलं की विचारू नकोस. सहा वर्षांत पहिल्यांदा ते दोघे माझ्याकडं वळून बघत होते. हातमोजे काढले आणि करूनच दाखवलं. कणीक सैल किती, हाताच्या पाठीवर कशी घ्यायची, खसखस किती भाजायची. आणि शेवटी गुंडाळीच्या टोकाला अंगठा दाबला.

हा अंगठा नीट सांगायला हवा, कारण पुढं सगळं त्याच्यावरच अडलं.

तुझ्या आक्काच्या लग्नात काकूनं पहिला मांडा केला तेव्हा मी चुलीपाशी होतो. तिनं घडी घातली आणि कोपऱ्यावर अंगठा दाबला. लगेच मला कुणीतरी पाहुण्यांना आणायला सांबऱ्याला पिटाळलं. पुढचे मांडे मी पाहिलेच नाहीत. मला वाटलं, घडी सुटू नये म्हणून अंगठा दाबतात, प्रत्येकाला. विचारलं नाही. आपल्याला काय कळत नाही का! तो अंगठा फक्त पहिल्या मांड्याला असतो, तो देवाचा, गडबडीत चुकून पंगतीत जाऊ नये म्हणून ती खूण, आणि बाकीच्यांना अंगठा लागता कामा नये, हे मला कळलं तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. शेफला मात्र अंगठा फार आवडला. त्यानं हुकूमच काढला, प्रत्येक स्ट्रुडलला अंगठा पाहिजे.

दरवर्षी एका इंग्रजी वर्तमानपत्रात एक बाई दोन्ही हॉटेलांची तुलना लिहायच्या. त्या वर्षी त्यांनी लिहिलं की आता स्ट्रुडल घड्याळाखाली बसून खावा. आमच्या मालकानं ते कात्रण चौकटीत बसवलं. तुमच्या मॅडमनं तेच कात्रण पेस्ट्रीच्या टेबलावर आपटलं. त्या टेबलावर दोघंच होतात, तू आणि गोव्याचा फ्रान्सिस. तू म्हणालास, "मी न्हाय सांगितलं. म्हंजे ह्योच." मला सांगितलेलं तू सांगण्यात धरलंच नव्हतंस. फ्रान्सिसनं येशूची शपथ घेतली. मॅडमनं दोघांनाही त्याच दिवशी घालवलं.

दुपारी तू ट्रंक घेऊन माझ्या खोलीवर आलास. डोळे लाल. "फ्रान्सिसनं घात केला रं," म्हणालास. त्याच्या सात पिढ्या काढल्यास. मग तुझी नजर खुंटीवर गेली.

"काळा कोट कुठला?"

"कॅप्टन केलं मला."

"चांगलं झालं," तू म्हणालास. "आपल्यातलं कोनतरी वर गेलं."

एवढं वाक्य तू बोलायला नको होतंस. मला शिव्या द्यायच्यास, कोट फाडायचास. तू माझ्यासाठी खूश झालास आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसून बेळगावला निघून गेलास. गावाची ओढ कसली आलीय!

बेळगावच्या वडगावात तू बेकरी काढलीस. एरवी हातमागांच्या खडखडाटानं जागी होणारी ती गल्ली सकाळी तुझ्या पावाच्या वासानं जागी व्हायला लागली. खारी, बटर, नानकटाई, सगळं केलंस. स्ट्रुडल कधी नाही. कुणी विचारलं मुंबई का सोडलीस तर "हवा मानवली न्हाय" म्हणायचास. मी सुट्टीत आलो की बेकरीबाहेरच्या बाकावर आपला वाद पुन्हा उभा राहायचा. तू म्हणायचास, "तुमचा स्ट्रुडल म्हंजे चोरीचा माल. फ्रान्सिसला फितवलं तुमच्या मालकानं." आणि मी, खरा चोर, तुझ्यापेक्षा मोठ्यानं भांडायचो. रस्त्यावरची माणसं थांबायची. आवाज जितका चढवला तितकं आतलं दडपता येतं, हे मला तिथंच कळलं.

दरवेळी बसमध्ये बसताना ठरवायचो की या खेपेला सांगायचं. निपाणी आली की शब्द जुळवायला लागायचो. बेळगाव स्टँडवर उतरेपर्यंत ते विरून गेलेले असायचे. मग मी निवृत्त होऊन गावातच आलो आणि बसचं कारणही संपलं.

दोन वर्षांपूर्वी सुमन वैतागली. तुझी लेक, निपाणीत शाळेत शिकवते, आवाज तुझ्यासारखाच. "जन्मल्यापासून ऐकतेय मी हे," ती म्हणाली. "दोन्हीकडं न्हेते, एकाच दिवशी. खावा आणि मिटवा." आणि खरंच तिनं गाडी काढली. पुण्यापर्यंत आपण दोघं मागच्या सीटवर सूपवरून भांडत होतो. तिनं गाण्यांचा आवाज वाढवला.

आधी तुझं हॉटेल. पियानो होता, वाजवणारं कुणी नव्हतं, त्यावर फुलदाणी. मॅडम जाऊन जमाना झालेला, आता त्यांचा भाचा बघतो. तुला कुणी ओळखलं नाही. तुझी टोपी बघून वेटरनं इंग्रजी सोडून हिंदी धरली. स्ट्रुडल आला. मी काट्यानं तोडला.

"कसाय?" तू विचारलंस.

"मऊ पडलाय."

"काका," सुमन म्हणाली, "मला इथंवर आवाज आला की कुर्र."

"वरनं कुर्र, आतनं मऊ," मी म्हटलं. तू कपाळावर हात मारून घेतलास. परशा, तो आतूनही मऊ नव्हता. तुझ्या हातानंतर पस्तीस वर्षांनीसुद्धा तो ताठ उभा होता. मी आयुष्यात इतकं चांगलं काही तोंडात घातलं नव्हतं.

मग माझं हॉटेल. घड्याळ चालू होतं. मी मुद्दाम माझी जुनी जागा असलेल्या कोपऱ्यातलं टेबल घेतलं. तू कांद्याचं सूप संपवलंस आणि "जाळलाय" म्हणालास. वाटी मात्र पुसून खाल्लीस, मी पाहिलं. मग सुमननं मेनूकार्ड उचललं आणि स्ट्रुडलखालचं बारीक अक्षर वाचून मराठीत सांगितलं, "आल्प्समधल्या एका खेड्यातल्या आजीची पाककृती. प्रत्येक स्ट्रुडलवर त्या आजीच्या अंगठ्याची पारंपरिक खूण."

बशी समोर आली. टोकाला अंगठा दाबलेला.

तू चष्मा काढलास, पुसलास, परत घातलास. बशी फिरवून बघितलीस. मग हसायलाच लागलास, इतका की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

"सुमे, आमची आई आल्प्सला कवा गेलती गं?"

सुमनला काही कळलं नाही. मला कळलं. हसता हसता तू माझ्याकडं बघितलंस. तुझं हसू थांबलं नाही, पण डोळे थांबले. काकूच्या चुलीपाशी मी बसलो होतो, फ्रान्सिस कधीच नव्हता. आणि तुमच्या हॉटेलात तू कुठल्याच स्ट्रुडलला अंगठा लावला नव्हतास, ते तू तिथंच सुमनला सांगितलंस, पहिला मांडा देवाचा आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही, सगळं. म्हणजे फ्रान्सिसला ते कळायला वाटच नव्हती. दोन अधिक दोन. तू ते केलंस, मीही केलं. मग मी तोंड उघडलं.

काय म्हणालो मी? म्हणालो, "फ्रान्सिसनंच दाखवलं असंल."

त्या क्षणी घड्याळ माझ्या डोक्यात पडलं असतं तर बरं झालं असतं. पस्तीस वर्षांपूर्वी मी गप्प राहिलो, ते एक झालं. तेव्हा तरुण होतो, घाबरट होतो, काहीही म्हण. पण आता, सत्तरी ओलांडल्यावर, देवाच्या दारात उभं असताना मी माझ्या तोंडानं फ्रान्सिसचं नाव घेतलं.

"असंल," तू म्हणालास. बशी माझ्याकडं सरकवलीस. "खा. नैवेद्य हाय."

आणि मी खाल्ला!

तू माझी मान का धरली नाहीस रे? भर हॉटेलात ओरडायचंस, "मारत्या, चोरा!" वेटर धावले असते, सुमन रडली असती, पण संपलं असतं. सूप कोमट आहे म्हणून चाळीस वर्षं भांडणारा माणूस त्या दिवशी गप्प बसला. परतीच्या वाटेवर निपाणीत सुमनकडं चहा प्यायलो, तिथं तू मला विचारलंस, "मारत्या, काय बोलायचंय का तुला?" मी म्हटलं, "साखर कमी हाय." नंतरची दोन वर्षं तू अधूनमधून विचारत राहिलास. "काय नवीन?" हा काय प्रश्न झाला? आपल्या वयाला काय नवीन असतं! मी गुडघ्याबद्दल सांगायचो. तू ऐकून घ्यायचास आणि एक खारी पुढं करायचास.

मग तू गेलास, चार दिवसांच्या तापानं. मी रोज येत होतो. खोलीत दरवेळी कुणीतरी होतं, हे माझं कारण. पण चौथ्या दिवशी सकाळी वहिनी चहा ठेवायला उठल्या तेव्हा आपण दोघंच होतो. तेव्हाही मी पंख्याचा वेग कमी करू का, एवढंच विचारलं.

बाराव्याला तुझ्या घरी गेलो. सोप्यात खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. पांढरा शर्ट, गळ्यात बारीक क्रूस, गुडघ्यांवर हात. वहिनी म्हणाल्या, "हे फ्रान्सिसभाऊ. ह्यांचे मुंबईचे दोस्त. गोव्याहून चोर्ला घाट चढून आलेत सकाळच्या बसनं."

मी काढलेली चप्पल परत पायात घातली.

"तुमी मारुती," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं. "काळो कोट. फोर्टात बघितलेलो मी."

"व्हय."

"परशुरामान फोन केलेलो माका. दोन वर्सां झाली. चार बेकऱ्यांत विचारून नंबर काढलो म्हणालो. तो रडलो फोनार. म्हणालो, फ्रान्सिस, तू नव्हतोस, माझीच चूक झाली."

"मग कोण होतं, ते सांगितलं?" मी विचारलं.

"मी विचारलां. तो म्हणालो, ते मी नाय सांगणार. माझो दोस्त हा तो. तो आपणहून फोन करतलो तुका. जरा मंद हा, वेळ लागता त्याका." फ्रान्सिस माझ्याकडं शांतपणे बघत होता. "दोन वर्सां मी फोनाकडे बघत होतो. दर म्हयन्यान परशुराम विचारी, आला काय फोन? मी म्हणी, नाय. तो म्हणी, येतलो, येतलो."

तर "काय नवीन?" याचा अर्थ तो होता. दर महिन्याला तू तिकडं विचारायचास, आणि मग इकडं मला. आणि मी गुडघ्याचं सांगत होतो.

मी तिथंच, वहिनी, सुमन आणि फ्रान्सिससमोर सगळं सांगितलं. कट्टा, खसखस, तबक, "मला माहीत आहे," अंगठा, कोट. शेवटी तेही सांगितलं की दोन वर्षांपूर्वी मी परत फ्रान्सिसचंच नाव घेतलं. आल्प्सच्या आजीवर एवढा हसलेला आपला बाप त्या दिवशी पुढं भांडला का नाही, ते सुमनला तेव्हा कळलं. फ्रान्सिसनं क्षमाबिमा केली नाही. तो म्हणाला, "माझी आई मरेपर्यंत म्हणी, तू कायतरी केलं असशील. तिका सांगूक गावलां नाय." एवढंच. मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर त्यानं पाय मागं घेतले आणि म्हणाला, "तां नको. लिहून दे."

वहिनी इतका वेळ उभ्या होत्या. हातातला चहाचा ट्रे त्यांनी खाली ठेवला.

"भावजी," त्या म्हणाल्या, "एवढं सांगायला ह्यांनी मरायला पायजे होतं व्हय?"

मी ट्रे उचलला आणि आत नेऊन ठेवला, परशा.

तर लिहून देतोय. फ्रान्सिसनं काही चोरलं नव्हतं. परशुरामनं गावाच्या ओढीनं मुंबई सोडली नव्हती, माझ्यामुळं त्याची नोकरी गेली होती. घड्याळवाल्या हॉटेलातल्या मेनूकार्डावरची आजी आल्प्समधली नाही, ती येळ्ळूरची, परशुरामची आई. तिथल्या मॅनेजरला मी फोन करून हे सांगितलं. तो अदबीनं म्हणाला, "सर, ती आमची ओळख आहे." मी त्याला म्हटलं, ओळख असू दे, पण निदान पहिला विकू नका. त्याला काही कळलं नाही. पुन्हा फोन करणार आहे. कळेपर्यंत करणार आहे. वेळ लागतो मला, तूच सांगून ठेवलंस.

या लेखाची एक प्रत चोर्ला घाटाखाली जाईल. फ्रान्सिस ती आईच्या थडग्यापाशी वाचणार आहे म्हणाला. मराठी त्याला वाचता येतं, सावकाश.

आणि आपल्या वादाचं. सूप आमचं चांगलं, यावर मी ठाम आहे, तू वाटी पुसून खाल्लीस हे सुमननंही पाहिलंय. पाव तुमचा. रुमालाचे हंस फालतू, हे कबूल. आणि स्ट्रुडल, परशा, तो मऊ पडला नव्हता.